वळीव कधीही येऊ दे: गच्चीवरची झुडपं आणि लांब कुंड्या, फेब्रुवारी ते मे

फेब्रुवारीच्या शेवटी पुण्यात पहाटे पांघरूण लागतं आणि दुपारी पंखा. मार्चमध्ये पारा पस्तिशी ओलांडतो, एप्रिलमध्ये चाळिशीला टेकतो, आणि अशाच एखाद्या तापलेल्या दुपारी चारच्या सुमाराला आभाळ काळवंडून येतं, वारा सुटतो, अर्ध्या तासात गारांचा सडा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट तर राज्यभर झोडपून गेली होती. वसंतात बाग सुरू करायची हौस सगळ्यांना येते, कारण आजूबाजूला पालवी फुटलेली दिसते. पण नवख्या माणसाची निम्मी झाडं याच चार महिन्यांत जातात.

हा लेख ज्यांच्याकडे गच्ची किंवा ऐसपैस बाल्कनी आहे आणि ज्यांना हंगामी फुलांऐवजी वर्षानुवर्षं टिकणारी झुडपं लांब कुंड्यांमध्ये लावायची आहेत, त्यांच्यासाठी. उदाहरणं पुण्याची आहेत. विदर्भ आणि कोकणात काय बदलायचं ते ओघात येईल. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे: झुडपाचा वरचा भाग गेला तरी परत येतो, मुळं गेली की संपलं. त्यामुळे कुंडी निवडताना, पाणी घालताना, गारा पडून गेल्यावरसुद्धा, विचार मुळांचा करायचा.

आधी ऊन बघा, मग नर्सरीत जा

जानेवारीत जिथं दिवसभर ऊन असतं तिथं मेमध्ये असेलच असं नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन आतपर्यंत येतं. मार्चपासून तो वर चढत जातो आणि १३ मेच्या सुमारास पुण्यात भर दुपारी थेट डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. तोवर दक्षिणेच्या बाल्कनीतलं ऊन कठड्यापर्यंत मागे सरलेलं असतं, आणि उत्तरेच्या ज्या बाल्कनीला तुम्ही ‘ऊनच नाही’ म्हणून सोडून दिलं होतं तिथं सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन येऊ लागतं. पश्चिमेची बाल्कनी सगळ्यात कठीण. दुपारी दोननंतरचं ऊन, तापलेली भिंत आणि त्या भिंतीची रात्री नऊपर्यंत टिकणारी धग, असा तिहेरी मारा असतो तिथं.

एखाद्या सुट्टीच्या दिवशी दर दोन तासांनी जागेचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सहा तासांपेक्षा जास्त ऊन, तीन ते पाच तास, आणि त्याहून कमी, असे तीन गट पाडा. झुडपांची यादी आपोआप निम्मी होते.

वाराही बघा. इमारतीच्या कोपऱ्यावरच्या गच्चीत वळवाच्या आधीची वावटळ जोरात घुसते. कठड्यावर कुंडी ठेवायचीच नाही, मग ती कितीही बांधलेली असो. रेलिंगला अडकवायच्या कुंड्या आतल्या बाजूनेच अडकवायच्या. खालून माणसं जातात.

कुंडी: लांब हवी, पण खोलही हवी

बाजारात रेलिंगसाठी म्हणून मिळणारी दोन फुटी, सहा इंच रुंद आणि सहा इंच खोल कुंडी दिसायला छान असते. तिच्यात सदाफुली किंवा ऑफिस टाइम (पोर्तुलाका) लावा. झुडूप लावू नका. एप्रिलच्या उन्हात तेवढी माती दुपारपर्यंत कोरडी ठणठणीत होते. झुडपासाठी किमान एक फूट खोली धरा, सव्वा फूट मिळाली तर उत्तम. तीन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल अशा कुंडीत दोन झुडपं दीड-दीड फुटावर बसतात आणि कडेला बारीकसारीक भरणीची रोपं मावतात.

सुट्या सहा कुंड्यांपेक्षा अशी एक लांब कुंडी मला केव्हाही जास्त पसंत. मातीचा साठा मोठा असला की ती सावकाश तापते, सावकाश सुकते आणि एक दिवस पाणी चुकलं तरी झाड माफ करतं. लहरी हवेत ही सवलत फार मोलाची.

पण वजनाचा हिशोब करा. वरच्या मापाच्या कुंडीत सुमारे ८५ लिटर माती बसते. नुसती बागेची माती भरली तर ओली झाल्यावर तिचं वजन सव्वाशे किलोच्याही पुढे जातं. जाता-येता येणाऱ्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात वापराचा भार चौरस मीटरला सुमारे १५० किलो धरलेला असतो. म्हणून लांब कुंड्या गच्चीच्या मधोमध रांगेनं मांडायच्या नाहीत. भिंतीलगत, खाली तुळई असेल तिथं ठेवायच्या, आणि माती हलकी करायची. जुनी इमारत असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. सोसायटीच्या सभेत नंतर विचारलं जाण्यापेक्षा ते बरं.

सिमेंटची कुंडी टिकाऊ पण जड. काळं प्लास्टिक स्वस्त, पण पश्चिमेच्या उन्हात त्याची भिंत हात लावता येणार नाही इतकी तापते, आणि आत त्या भिंतीला चिकटूनच मुळं असतात. काळी कुंडी आधीच घरी असेल तर उन्हाकडची बाजू पांढरी रंगवा किंवा गोणपाटानं झाका. मासळी बाजारातले थर्माकोलचे खोके मुंबईत बरेच जण वापरतात. दिसायला यथातथा, पण हलके आणि उष्णतेपासून मुळं वाचवण्यात पटाईत.

बुडाला अर्ध्या इंचाची चार-पाच भोकं हवीत. कुंडी विटेच्या तुकड्यांवर किंवा फरशीच्या पट्ट्यांवर उचलून ठेवा, म्हणजे भोकं बुजत नाहीत आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंगही सतत ओलं राहत नाही.

माती भरणे

तळाशी विटांच्या तुकड्यांचा जाड थर द्यायचा, हे आपल्याकडे प्रत्येक जण सांगतो. देऊ नका. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. ते मातीच्या तळाशीच अडून राहतं. थर दिला की हा चिखलाचा पट्टा तेवढा वर सरकतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. प्रत्येक भोकावर एक खापरी किंवा जाळीचा तुकडा पुरे.

मिश्रण असं: चार भाग लाल किंवा पोयट्याची माती, तीन भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत, तीन भाग कोकोपीट. तीन फुटी कुंडीला दोन-तीन मुठी निंबोळी पेंड. काळी माती शक्यतो टाळा. शेतात ती सोनं आहे, कुंडीत मात्र उन्हात भेगाळते आणि वळवात चिकटून बसते.

कोकोपीटची वीट भिजवली की चांगली फुगते. पाच किलोच्या विटेपासून ६०-७० लिटर सहज निघतं. भिजवल्यावर एक-दोनदा पाणी बदलून पिळून घ्या, कारण त्यात क्षार असतात. वरून दोन इंच जागा रिकामी सोडा. काठोकाठ भरलेल्या कुंडीतून पहिल्याच जोरदार सरीत खत आणि माती शेजाऱ्यांच्या बाल्कनीत जाते.

काय लावायचं, काय नाही

पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन प्रजासत्ताक दिनाच्या आसपास असतं, आणि तिथून निघताना हातात पिटुनियाची पिशवी नसलेला माणूस क्वचित दिसतो. पिटुनिया, पॅन्झी, डायॅन्थस ही थंडीची फुलं. फेब्रुवारीच्या शेवटी ती नर्सरीत बहरलेली दिसतात, कारण त्यांचा हंगाम संपत आलेला असतो. विकत घ्यायचीच असली तर महिनाभराची पाहुणी म्हणून घ्या.

भरपूर उन्हाच्या जागेसाठी बोगनवेल, जास्वंद, इक्झोरा, पिवळा टेकोमा, कण्हेर. कण्हेर अंगानं सगळ्यात चिवट, पण ती पूर्ण विषारी आहे. घरात लहान मूल किंवा चघळणारं कुत्र्याचं पिल्लू असेल तर नको. मोगऱ्याला पाच-सहा तास ऊन लागतंच. कमी उन्हात पानं हिरवीगार होतात आणि कळी धरत नाही, मग लोक खताला दोष देतात. तीन ते पाच तासांच्या जागी अबोली, तगर, कामिनी, अनंत. अबोलीची शिफारस मी डोळे झाकून करतो: उंची कुंडीला साजेशी, फूल जवळजवळ बारमाही, आणि केसात माळायला घरातून मागणी असतेच. अनंत मात्र नखरेल. बोअरच्या जड पाण्यावर त्याची पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पिण्याचं पाणी देता येत असेल तरच त्याच्या वाटेला जा.

झुडपांच्या पायथ्याशी सदाफुली, ऑफिस टाइम किंवा झिनिया लावा. माती झाकली जाते आणि कुंडी भरलेली दिसते. पण भरणीची रोपं झुडपाच्या खोडापासून चार बोटं लांब.

एक सूचना: एकाच कुंडीत बोगनवेल आणि अबोली एकत्र लावू नका. बोगनवेलीला फुलण्यासाठी माती मधून मधून चांगली सुकलेली आवडते, अबोलीला ओल हवी. कुंडी एक असली की पाणी एकच पडतं.

रोपं पुण्याच्या पूर्वेला सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचन, सोरतापवाडीच्या पट्ट्यात भरपूर आणि स्वस्त मिळतात. फुलांनी लगडलेलं रोप उचलू नका. बुंध्यापासून तीन-चार फांद्या फुटलेलं, पानांच्या मागे पांढरा कापूस नसलेलं, काहीसं ओबडधोबड रोप घ्या.

लावणी

लावणीची योग्य वेळ फेब्रुवारीचा मध्य ते मार्चचा पहिला पंधरवडा. रात्रीचा गारठा कमी झालेला असतो आणि कडक ऊन सुरू व्हायला थोडा अवधी असतो. तेवढ्यात मुळं नव्या मातीत शिरली पाहिजेत. एप्रिलमध्ये उत्साह आला तर माती, कुंड्या तयार करून ठेवा आणि लावणी जूनवर ढकला. विदर्भात हे जास्तच लागू. तिथं मार्चच्या मध्यापासूनच उन्हाला धार येते. कोकण-गोव्यात हवा दमट असल्यामुळे मार्चअखेरपर्यंत चालून जातं.

आता महत्त्वाचं. नर्सरीचं रोप काळ्या पिशवीत लाल चिकण मातीच्या गोळ्यात असतं. हा गोळा सुकला की विटेसारखा होतो. तो तसाच कुंडीत पुरला तर तुम्ही घातलेलं पाणी भोवतीच्या भुसभुशीत मातीतून सरळ खाली निघून जातं आणि गोळा आत कोरडाच राहतो. वरून माती ओली, खालून पाणी वाहतंय, आणि झाड मात्र तहानेनं मरतंय, असा प्रकार होतो. यासाठी पिशवीसकट रोप बादलीभर पाण्यात बुडवा. बुडबुडे येणं थांबेपर्यंत, साधारण १५-२० मिनिटं, तसंच ठेवा. मग पिशवी कात्रीनं उभी कापा, ओढून काढू नका. गोळ्याची बाहेरची माती बोटांनी हलकेच दाबून सैल करा. वेटोळं घातलेली मुळं दिसली तर ती सोडवा किंवा दोन-तीन ठिकाणी उभा छेद द्या. आतला गाभा तसाच राहू द्या.

संध्याकाळी लावा. खोडाची मान, म्हणजे खोड आणि मुळं जुळतात ती जागा, पिशवीत जितकी वर होती तितकीच वर ठेवा. भरपूर पाणी द्या, माती बसली की वरून आणखी घाला, आणि पाच-सात दिवस दुपारच्या उन्हापासून आडोसा करा. जुनी ओढणीसुद्धा चालते. या काळात खत अजिबात नको.

जुनी झुडपं असतील तर छाटणी

जास्वंदीला फूल नव्या फुटीवर येतं, म्हणून फेब्रुवारीत एक तृतीयांश छाटा. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून नवी फूट निघते त्या गाठीच्या) जरा वर काप घ्या. मोगऱ्याची जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत छाटणी करतात, जुनी पानं ओरबाडून काढतात, चार-सहा दिवस पाणी ओढून धरतात आणि मग शेणखत घालून भरपूर पाणी देतात. नव्या धुमाऱ्यांबरोबर कळ्या येतात. हे यंदा लावलेल्या रोपावर करू नका. बोगनवेल आत्ता फुलावर असते, तिला हात नको. मार्चच्या मध्यानंतर मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत कशाचीच मोठी छाटणी नाही, कारण कोवळी फूट कडक उन्हात करपते आणि उघडी पडलेली जुनी खोडं भाजतात.

पाणी: घड्याळ नाही, बोट

बोटाचं दुसरं पेर मातीत घाला. तिथं गार ओल लागली तर पाणी नको. एवढा एक नियम पाळला तरी निम्मी झाडं वाचतात. एप्रिलमध्ये गच्चीवरच्या कुंड्यांना रोज सकाळी लागतं, पश्चिमेच्या बाजूला कधी संध्याकाळीही. दुपारी दोनला जास्वंद मान टाकून बसलेली दिसली की लगेच पाइप घेऊन धावू नका. बोट घालून बघा. माती ओली असेल तर ते झाड उन्हात पानं मिटून दम खातंय. सातला परत बघा. तेव्हाही मान खाली असेल तर पाण्याची गरज आहे, किंवा मुळं कुजत आहेत. माती ओली आणि संध्याकाळीही मरगळ, हे कुजण्याचं लक्षण. अशा वेळी आणखी पाणी म्हणजे शेवटचा घोट.

गच्चीत उन्हात पडलेल्या पाइपमधलं पहिलं पाणी चहा करण्याइतकं कढत असतं. ते हातावर गार लागेपर्यंत बादलीत सोडा, मगच झाडाकडे वळवा.

आच्छादन घालाच. याच दिवसांत पानगळ असते, सोसायटीच्या आवारात सुक्या पानांचे ढीग लागतात. ते जाळण्याआधी दोन पोती उचलून आणा. दोन इंच थर, खोडाभोवती थोडी जागा मोकळी. मार्चपासून रसवंत्या सुरू होतात, तिथला चोथा फुकट मिळतो, पण तो उन्हात कडकडीत वाळवल्याशिवाय वापरू नका, मुंग्यांची रांग लागेल.

खत फेब्रुवारीत एकदा, मार्चच्या मध्यापर्यंत फार तर आणखी एकदा हलकं. कडक उन्हाळ्यात युरिया आणि मोहरीची पेंड दोन्ही बंद.

आभाळ भरून आलं की

हवामान खात्याचा पिवळा किंवा केशरी इशारा आणि पुढच्या तीन तासांचा अंदाज मोबाइलवर बघायची सवय लावा. विजांच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं केलेलं ‘दामिनी’ ॲप आहे. विजा चमकत असताना कुंड्या हलवायला गच्चीवर जायचं नाही, मग वर काहीही मोडो.

म्हणून तयारी आधीच करायची. मार्चपासून ५० टक्क्यांची (निम्मं ऊन अडवणारी) हिरवी शेडनेट बांधा, पण उतरती. सपाट बांधलेल्या नेटवर गारा साचतात, झोळ पडतो आणि सगळा भार एकदम झाडावर कोसळतो. खांब आणि दोऱ्या पक्क्या हव्यात. सैल नेट वावटळीत शिडासारखं फुगतं. उंच झुडपांना दोन ठिकाणी काठीचा आधार. कुंड्यांखालच्या ताटल्या मार्चनंतर काढून टाका किंवा पाऊस होताच उपड्या करा, डासांसाठीही तेच बरं.

पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी पाणी बंद ठेवायचं, असा एक समज आहे. हिशोब बघा. दहा मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला दहा लिटर. तीन फूट बाय एक फूट कुंडीच्या वाट्याला येतात जेमतेम पावणेतीन लिटर. त्यातलं बरंचसं दाट पानांच्या छत्रीवरून बाहेर ओघळतं. वरची माती चिंब आणि चार इंचांखाली धूळ, असं वळवानंतर सर्रास दिसतं. पुन्हा बोट घाला.

गारांनी झोडपल्यावर बाग बघवत नाही, आणि हात कात्रीकडे जातो. थांबा. त्या दिवशी फक्त पूर्ण मोडून लोंबणाऱ्या फांद्या स्वच्छ कापा, पडलेली पानं वेचा, उघडी पडलेली मुळं मातीनं झाका. फाटलेली पानं झाडावरच राहू द्या. भोकं पडली तरी ती अन्न तयार करत असतात, आणि खालच्या खोडाला सावली देतात. आठ-दहा दिवसांत डोळे फुगायला लागले की कुठपर्यंत फांदी जिवंत आहे ते दिसतं. नखानं साल किंचित खरवडा: आत हिरवं असेल तर ठेवा, तपकिरी असेल तर हिरव्यापर्यंत खाली कापा. सालीला जखमा झाल्या असतील तर कॉपर ऑक्सिक्लोराइडची एक फवारणी, पाकिटावरच्या प्रमाणात. झाडाला ‘ताकद’ म्हणून खत देऊ नका. पानं कमी झाल्यामुळे त्याला पाणीही आधीपेक्षा कमी लागतं, हे बहुतेक जण विसरतात आणि गारांतून वाचलेलं झाड पाण्यानं मारतात.

किडी

कोरड्या उन्हात दोन जास्त त्रास देतात. जास्वंदीवर पांढऱ्या कापसासारखा पिठ्या ढेकूण: थोडा असेल तर जुन्या टूथब्रशनं साबणाच्या पाण्यात घासून काढा, जास्त असेल तर लिटरला पाच मिली नीमतेल, थोडा द्रव साबण, फवारणी सूर्य मावळल्यावर. दिवसा फवारलं तर पानं भाजतात. आणि लाल कोळी: पानं धुरकट, मागे बारीक जाळं. सकाळी पानांच्या मागच्या बाजूला पाण्याचा जोराचा फवारा, तीन-चार दिवस सलग.

मेच्या शेवटच्या आठवड्यात शेडनेट उतरवून घडी घाला, कुंड्यांखालची भोकं काडीनं मोकळी करा आणि आच्छादन निम्मं करा, नाहीतर पावसाळ्यात त्याखाली गोगलगायी जमतील. बोगनवेलीची छाटणीही तेव्हाच. निघालेल्या पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या फेकू नका, जूनच्या पहिल्या पावसात त्या सहज जगतात.